सातचे तीन ठोके

काकू, कूलर बंद केला आहे. सहा वाजून गेलेत. खोलीत लगेच उकडायला लागलंय, मनगटाचा घाम वहीच्या पानाला लागतोय. पण तुमच्याशी बोलायचं तर कूलर बंद हवा, हे आता मला कुणी सांगायला नको. तुमची तेरवी होऊन पंधरा दिवस झाले. तुमचा अविनाश पुण्याला परतला. गल्लीतल्या बायका मला बघून डोळ्यांना पदर लावायच्या, त्याही थांबल्या. खाली तुमच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्यासमोर टेबलावर आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आभारही मानायचे आहेत, पण ते जमेल की नाही माहीत नाही. आणि एक प्रश्न आहे, जो गेला महिनाभर माझ्या तोंडाशी येऊन परत जातो.

दोन वर्षांपूर्वी सांगलीहून आले तेव्हा धंतोलीतल्या लॅबमध्ये नोकरी होती आणि नागपुरात ओळखीचं एकही माणूस नव्हतं. दीड महिना हॉस्टेलच्या चौघींच्या खोलीत काढला आणि रोज कामावरून सुटलं की घर शोधत फिरले. धंतोलीत पेशंटच्या नातेवाइकांना दिवसाच्या भावाने खोल्या देणारे लोक मला महिन्याच्या भावाने कशाला देतील? महाल भागात एक खोली आवडली होती, पण तिच्यात जायला मालकांच्या देवघरातून जावं लागायचं, आणि मालकीणबाईंनी पाच मिनिटांत जात, लग्न, अंडी आणि पगार या क्रमाने सगळं विचारून घेतलं. एका दलालाने सल्ला दिला की एकटी म्हणून सांगू नका, भाऊ येणार आहे म्हणा. मला भाऊ नाही. तरी दोन घरांत मी भाऊ सांगून पाहिला, तर दोन्हीकडे त्यांना भावाशीच बोलायचं होतं.

फिरून फिरून मला गेटवरच्या पाट्या पाठ झाल्या होत्या. फक्त फॅमिलीसाठी. फक्त शाकाहारी. मनीषनगरच्या आतल्या गल्लीत तुमच्या गेटला तारेने एक पत्रा बांधला होता, त्यावर खडूने लिहिलं होतं: वरची खोली देणे आहे, फक्त एकटीसाठी. मी ते दोनदा वाचलं. अख्ख्या नागपुरात मला हवं असलेलं वाक्य तेवढं एकच सापडलं होतं, आणि ते वाचून आनंद होण्याऐवजी अंगावर काटा आला.

तुम्ही मशीनवर बसला होतात. साडीला फॉल लावणं चालू होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. भाडं सांगितलंत ते आजूबाजूच्या निम्मं होतं. मी संशयी बाई. रिपोर्टवर सही करण्याआधी सॅम्पल दोनदा लावणारी. इतकं कमी का, म्हणून विचारलं. तुम्ही मशीन न थांबवता म्हणालात, "सातले मी खालून ठोकीन. तू वरून टाच आपटजो, दोनदा. बस, येवढीच अट."

मी घरी नसले तर, असं विचारलं, तेव्हा मात्र मशीन थांबलं. "तर मले आधी सांगून जाजो," तुम्ही म्हणालात.

म्हातारी एकटी आहे, तिला करमत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. निम्म्या भाड्यात दोनदा टाच आपटणं काही जड नव्हतं. त्या संध्याकाळी सामान लावून पलंगावर टेकले आणि बरोबर सातला माझ्या उशीच्या खालून आवाज आला. दोन ठोके लागोपाठ, मग थोडं थांबून तिसरा. सांगितलेलं असूनही मी उडालेच. टाच आपटायला विसरले. लगेच बाहेरच्या जिन्यावर तुमचा आवाज यायला लागला, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढताना येतो तसा, आणि चौदा पायऱ्या चढून तुम्ही दारात उभ्या राहिलात तेव्हा तुमचा चेहरा पांढराफटक होता. मला बघून म्हणालात, "उत्तर देत जाय वं बाई." आणि खाली गेलात.

दुसऱ्या दिवसापासून मी चुकले नाही. खाली जाळी काढायचा तो लांब झाडू होता, त्याच्या दांडीने तुम्ही छताला ठोकायचात. मी उत्तर दिलं की कधी कधी खालून आणखी एक ठोका यायचा, हलका. पहिल्यांदा मला कळलं नाही. मग कळलं की तो एक ठोका म्हणजे चहा मांडला, ये.

एकदा मी पलंग ओढून खिडकीपाशी नेला, वाऱ्यासाठी. दुसऱ्या दिवशी कामावरून येते तर पलंग परत जुन्या जागी. मी चिडून खाली आले. तुम्ही फक्त म्हणालात की तो तिथंच राहू दे. तेव्हाही मी फार विचार केला नाही. तुम्ही मला दोन-तीनदा प्रतिभा म्हणून हाक मारलीत, तेव्हाही नाही. भाची असेल कुणी, असं वाटलं. माणसाला स्वस्तात खोली मिळाली की त्याची नजर अधू होते.

आभाराचं आधी सांगून टाकते. पहिल्या महिन्यात एका सोमवारी मला लक्षात आलं होतं की शनिवार संध्याकाळपासून मी फक्त भाजीवाल्याशी बोलले आहे, तेही मेथीबद्दल. हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही "अरे बाप्पा" एवढंच म्हणून परत मशीनकडे वळलात. मला रागच आला. पण त्या रविवारी तुम्ही माझ्या हातात तीन साड्या दिल्यात. एक हिरव्या गेटवाल्यांकडे, एक गिरणीच्या मागे, एक त्या मास्तरांच्या सुनेला. पिशवीत नाव नाही, पत्ता नाही. विचारत जा म्हणालात. विचारत गेले. प्रत्येक घरात पाणी मिळालं, एका घरात पाटवडीचा रस्सा मिळाला. वर्षभरात गल्लीतलं प्रत्येक दार मला फॉलवाली ताई म्हणून ओळखायला लागलं. तुम्हाला गुडघ्यामुळे जाता येत नाही म्हणून मी जाते आहे, असं मी समजत होते. परवा हिरव्या गेटवाल्या वहिनींनी सांगितलं की आधी सगळ्या स्वतःच साड्या न्यायला यायच्या. तुम्हीच त्यांना सांगितलंत की आता येऊ नका, माझी पोरगी आणून देईल.

मागच्या दिवाळीत मी पाच दिवस सांगलीला गेले, तुम्हाला सांगून गेले. परत आल्यावर तुम्ही चकल्या खाता खाता सहज म्हणालात, "सवयीनं ठोकलं मी. तू नव्हती तरी उत्तर आलं."

मी हसले. टाकीचा पाइप असेल, मांजर असेल, म्हणून समजावलं. तुम्ही वाद घातला नाहीत. किती वेळा आलं, असं मी चेष्टेने विचारलं, तर म्हणालात की पाचही दिवस, दोनदाच, बराबर. आणि तुम्ही ते घाबरून सांगत नव्हतात, काकू. हीच गोष्ट मला त्या रात्री खटकत राहिली. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग ही अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आदल्या दिवशी तुमच्या खोलीतली जाळी काढायला मी स्टुलावर चढले आणि पहिल्यांदाच छत जवळून पाहिलं. माझ्या उशीच्या बरोबर खाली गिलाव्यात एक खळगा होता. वाटी बसेल एवढा. आतला स्लॅब दिसत होता. मी दीड-पावणेदोन वर्षांची भाडेकरू. दिवसाला तीन-चार हलक्या ठोक्यांनी एवढा गिलावा जात नाही. मी स्टुलावरूनच विचारलं की हे किती वर्षांचं आहे. तुम्ही ऐकलं नाही असं दाखवलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. आमच्याकडे आणि तुमच्याकडे अखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, हे मला नवीन नव्हतं. काकांची एक होती, तुमच्या सासूबाईंची एक. त्यांच्या शेजारी गव्हावर तिसरी छोटी घागर होती, नवी कोरी, वर एक आंबा. ही कुणाची, मी विचारलं.

"प्रतिभाची," तुम्ही म्हणालात. "तुह्या आधी वर राहे ते."

आणि मग आमरसाच्या वाट्या समोर ठेवून तुम्ही सगळं सांगितलंत. गोंदियाकडची मुलगी, नर्स. चार वर्षं वर राहिली. तुम्ही ठोकायचात, ती टाच आपटायची. हा खेळ तिने सुरू केला होता. एका संध्याकाळी उत्तर आलं नाही. त्या सकाळीच तुमची तिच्याशी पाण्याच्या मोटरवरून बोलाचाली झाली होती. रुसली असेल, ड्यूटी करून झोपली असेल, असं म्हणून तुम्ही झाडू ठेवून दिलात. तिला ताप होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तेव्हा ती पलंगावरून खाली उतरलेली होती, जमिनीवर, टाच फरशीला लागलेली.

मी ज्या पलंगावर झोपत होते तो तोच. मी जिथे टाच आपटत होते ती जागाही तीच.

मला सांगितलं का नाहीत, मी विचारलं. "सांगतलं असतं तर तू राह्यली असती काय?" तुम्ही म्हणालात. ते मी ठरवलं असतं, असं मी म्हटलं. तुम्ही छोट्या घागरीवरचा आंबा नीट ठेवलात आणि म्हणालात, "वरची खोली चुप राह्यली का मले खाली राहवत नाई वं."

"म्हणजे मी तिच्या जागी ठेवलेलं माणूस," मी म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. अखाजीच्या ताटावरून. खरं सांगते काकू, मला भीती कमी वाटली आणि हेवा जास्त. मी समजत होते ते तीन ठोके माझे होते. तो चहाचा एक ठोकाही तिचाच उष्टा असेल, असं मनात आलं आणि ते मला सहन झालं नाही. ही गोष्ट तुम्हाला तेव्हाच सांगायला हवी होती. तुम्ही हसला असतात, आणि भांडण तिथेच संपलं असतं.

त्याऐवजी मी दुसरी खोली बघायला लागले आणि तुमच्या ठोक्यांना उत्तर देणं बंद केलं. बंद म्हणजे कसं, सातच्या पाच मिनिटं आधी कूलर फुल करून ठेवायचा. मेमधला कूलर, त्याच्या आवाजात ठोके ऐकूच येत नाहीत. पूर्वी उन्हाळ्यात तुमच्यासाठी मी सातला कूलर बंद करायची, तेही सोडलं. तुम्ही रोज चौदा पायऱ्या चढून यायचात. दाराखालच्या फटीत तुमची सावली दिसायची. हाक नाही, कडी वाजवणं नाही. मी आतून मुद्दाम वाटी आपटायची. जिवंत आहे, जा, एवढाच त्याचा अर्थ. मग सावली जायची. अकरा दिवस तुम्ही चढलात आणि अकरा दिवस मी वाटी आपटली. दार एकदाही उघडलं नाही.

बाराव्या दिवशी सावली आली नाही. सव्वासातला मी कूलर बंद करून कान दिला. खाली काही नव्हतं, मशीनसुद्धा नाही. रुसल्या एकदाच्या, असं मी म्हटलं, आणि मला बरं वाटलं, काकू. जिंकल्यासारखं. मी कूलर परत लावला. प्रतिभाच्या वेळी तुम्ही केलीत तीच चूक मी केली, आणि तीही तुमच्याच तोंडून सगळी गोष्ट ऐकल्याला बारा दिवस होत असताना.

सकाळी हिरव्या गेटवाल्या वहिनी साडी विचारायला आल्या आणि त्यांनी मला खालून हाक मारली, अशा आवाजात की मी अनवाणी धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही मशीनजवळ जमिनीवर होतात. झाडू कोपऱ्यात नव्हता, तुमच्या हाताशी आडवा पडला होता. मशीनवर जांभळी साडी अर्धा फॉल लागलेली, सुई कापडात, आणि साडीवर चुन्याची भुकटी. ती भुकटी त्या संध्याकाळची की रोजचीच, हे मला कळलं नाही. डॉक्टरांनी हृदय म्हटलं, आणि वेळ सहा ते आठच्या मधली सांगितली. मी दिवसभर लोकांचं रक्त तपासून नेमके आकडे लिहिते. इथे मला एवढंच मिळालं, सहा ते आठच्या मधली.

तुम्हाला घाटावर पोचवून आल्यावर तुमच्या भावाने, अविनाशच्या मामांनी, तुम्ही पडला होतात त्या जागी परातीत पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला, वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर ज्याचा पाय उमटेल त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. सकाळी टोपली उचलली आणि सगळे वाकले. कुणाला काही ठरवता येईना. मग मामा मला म्हणाले की तू लॅबवाली, तुले दिसंन, तू पाहा. मी पाहिलं. पाऊल नव्हतं. परातीच्या मधोमध एकच गोल खळगा होता, झाडूच्या दांडीएवढा, काठ अगदी स्वच्छ. मामांनी पोपटाने चोच मारली म्हणून ठरवलं आणि सगळ्यांना ते आवडलं. पिठात हवा राहिली असेल, असं मी म्हणाले. मी आणखी काय म्हणणार?

अविनाशने खालची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. येणाऱ्यांना आईचं काही सांगू नका, एवढं त्याने हात जोडून सांगितलं. दोन फॅमिल्या आल्या. त्यांना गल्लीनेच सांगितलं, त्या परत आल्या नाहीत. मग स्नेहल आली. वाशीमची, कंपनीत नुकती लागलेली, हातात हेल्मेट आणि तोंडावर तोच थकवा जो मी दीड महिना आरशात पाहिला होता. तिने खोली पाहिली, भाडं ऐकलं आणि माझ्याकडे संशयाने बघून विचारलं, "इतकं कमी काहून हो ताई?"

काकू, मला तुमचं उत्तर तयार होतं. एक अट आहे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. खरं सांगितलं तर ती पोरगी हातची जाईल, खाली पुन्हा शांतता होईल आणि मला वर राहवणार नाही, हे तेव्हा मला इतकं स्पष्ट दिसलं की तुम्ही मला का सांगितलं नसेल ते एका क्षणात कळलं. तरी मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. प्रतिभा, तुम्ही, झाडू, वरचा खळगा. ती मान वर करून त्या खळग्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं की ठोकायचं कोणी आणि उत्तर कोणी द्यायचं. सोमवारी ती सामान घेऊन आली. म्हणजे सांगितलं असतं तरी माणूस राहतं, काकू. या भांडणात मी जिंकले. हे तुम्हाला सांगायला तुम्ही नाही, एवढंच.

ती रोज सातला ठोकते. तीन ठोके, एकसारखे, ठक ठक ठक, दारावर पार्सलवाला वाजवतो तसे. मध्ये थांबणं तिला मी शिकवलं नाही. चहाच्या एका ठोक्याचं तर सांगितलंच नाही. ते मी माझ्याकडे ठेवलं आहे. कोत्या मनाची म्हणा हवं तर.

आज रविवार. स्नेहल काल दुपारीच वाशीमला गेली, मला सांगून, आणि किल्ली देऊन. सात वाजत आलेत. आता विचारते. त्या दिवशी तुम्ही ठोकलंत का? झाडू उचललात तो रोजच्यासारखा, की छातीत दुखायला लागलं म्हणून? वर माझा कूलर चालू होता. तुम्ही दोन ठोके दिलेत, थांबलात, तिसरा दिलात, आणि मग उत्तराची वाट बघत किती वेळ बसलात?

मला हे कधीच कळणार नाही, असं मी महिनाभर स्वतःला सांगते आहे. तपासायला काही उरलेलं नाही. पण तुमची अट तर साधी होती. उत्तर द्यायचं. ठोके ऐकू आले की नाही, ते मी कशाला बघत बसू?

सात वाजले. खाली शांत आहे. मी वही मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला आले, त्याच जागी, आणि टाच आपटली. दोनदा. जोरात, तुम्हाला नक्की ऐकू जाईल अशी.

बराच वेळ काही नाही. गल्लीत कुणाची तरी गाडी गेली.

मग खालून ठोका आला. एकच, हलका.

किल्ली घेतली आहे, काकू. येते खाली.